चौकट छान आली

किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही. लॅबच्या कपाटात जुने माऊस साचतात ना, तसे ते साचतात. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. आमच्याकडे जे साचले ते एका ब्लॉगपायी.

शिरूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे आम्ही तिघं. साळवे सर, ज्योती मॅडम आणि मी. साळवे सर माझेही सर. त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि त्यांच्याच शेजारच्या टेबलावर नोकरीला लागलो. पोरांना प्रोग्रामिंग मराठीतून कळावं म्हणून ब्लॉग काढायचं खूळ त्यांचंच. आठवड्याला एक पोस्ट, पोस्टमध्ये एक प्रोग्राम. आता तो ब्लॉग मी एकटाच चालवतो. लॅबमध्ये नवीन स्टाफ आहे, माणसं चांगली आहेत, पण डबा खाताना मोबाईलमध्ये बघतात. म्हणून हे तुम्हाला सांगत बसलोय.

*

पहिली पोस्ट मी टाकली. मोठ्या हौसेनं. दुसऱ्या दिवशी कवठे येमाईच्या एका पोराचा फोन. "सर, तुमचा प्रोग्राम चालत न्हाई."

मी म्हटलं, "तू काहीतरी चुकवलं असशील."

"मी कायबी केलं न्हाई सर. हाय तसा उचलला आन् हाय तसा टाकला."

बघतो तर काय, ब्लॉगनं ओळींच्या सुरुवातीची सगळी मोकळी जागा खाऊन टाकलेली. आता पायथन भाषेत त्या मोकळ्या जागेवरच सगळा कारभार चालतो. कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटात आहे, हे त्या जागेवरूनच कळतं, आणि जिच्या पोटात ओळी असतात तिच्या शेवटी कोलन द्यावाच लागतो. साळवे सरांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं.

"संतोष, तू साहेब, क्लार्क आणि शिपाई, सगळ्यांना एका रांगेत उभं केलंस. आता कुणी कुणाचं ऐकायचं? काय शिकवलं मी तुला?"

हे 'काय शिकवलं मी तुला' त्यांचं ठरलेलं वाक्य. मी पंचेचाळिशीला आलो तरी ते ऐकलं की बेंचवरून उठून उभं राहावंसं वाटतं.

*

मग ज्योती मॅडमनी कोडसाठी चौकट शोधून काढली. करडी पार्श्वभूमी, डावीकडे ओळींचे आकडे, वरच्या कोपऱ्यात 'कॉपी' असं बटण. मोकळी जागा जिथल्या तिथं राहायची. मॅडम मूळच्या केंदूरच्या, कामाला वाघ. त्या चौकटीचा करडा रंग ठरवायला त्यांनी आख्खा दिवस घालवला. सर म्हणाले, "लग्नाची साडी घ्यायला तरी एवढा वेळ लागला होता का?"

"साडी मी नव्हती घेतली सर, सासूबाईंनी घेतली होती. म्हणून तर हे नीट घेतीय."

*

त्या वर्षी जर्नल तपासायला आली. मुलांनी प्रोग्राम आमच्या ब्लॉगवरून वहीत उतरवले होते, त्याचं काही नाही, ते आम्हीच सांगितलं होतं. पण वडगाव रासाईच्या एका मुलीनं दर पानावर पट्टीनं चौकट आखलेली. आतून पेन्सिलनं करडी शेड दिलेली. आणि कोपऱ्यात 'कॉपी'चं बटण काढलेलं, सगळ्या पानांवर, गोल कडांसकट.

मी तिला बोलावून घेणार होतो. सरांनी वही माझ्या हातातून घेतली, बटणावर बोट दाबून पाहिलं आणि खाली लाल पेनानं शेरा मारला, 'बटण चालत नाही. बाकी उत्तम.'

ती वही ज्योती मॅडमनी वर्षाच्या शेवटी त्या मुलीकडून मागून घेतली. पुढं त्यांच्या मिस्टरांची बदली हैदराबादला झाली, तेव्हा टेबल आवरताना त्यांनी ती पर्समध्ये टाकली. आम्हाला म्हणाल्या, "चौकटीचा रंग बदलू नका." बास, एवढंच. मग रिक्षात बसल्या. आम्ही दोघं गेटवर बराच वेळ उभे होतो.

*

सरही रिटायर झाले. त्यांच्या मिसेस आधीच वारलेल्या, म्हणून शिरूरचं मिशन कंपाउंडजवळचं घर बंद करून ते दौंडला मुलीकडे राहायला गेले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "संतोष ब्लॉग चालू ठेवेल. मी चुका काढीन."

आणि खरंच काढायचे. मी शनिवारी पोस्ट टाकायची, रविवारी चर्चमधल्या उपासनेवरून आले की त्यांची कॉमेंट यायची. 'सातव्या ओळीत कंस बंद केला नाहीस. दार उघडं टाकून कुठं गेलास? काय शिकवलं मी तुला?' खोटं कशाला सांगू, आख्ख्या आठवड्यात माझ्याशी मायेनं बोलणारं तेवढंच एक कुणीतरी होतं. बायको-पोरं पुण्यात, मी इथं खोलीवर. रविवारी दुपारी मी चहा करून त्या कॉमेंटची वाट बघायचो.

*

मध्येच ब्लॉगवाल्यांनी काहीतरी बदललं आणि सगळ्या चौकटी मोडल्या. मी वैतागलो. म्हटलं, मरू दे, कोडचा फोटोच टाकतो. स्क्रीनशॉट. रंगीत अक्षरं, गोल कडा, एक ठिपका इकडचा तिकडं होणार नाही. पोरं कुरकुरली, "सर, कॉपी व्हत न्हाई." मी म्हटलं, "हाताला रोग झालाय का? टाईप करा." जुन्या पोस्टसुद्धा सगळ्या फोटोत बदलून टाकल्या. इतका देखणा ब्लॉग जिल्ह्यात नसेल.

त्या रविवारी सरांची कॉमेंट आली, 'चौकट छान आली.'

पुढच्या रविवारी, 'चौकट छान आली.' त्याच्या पुढच्या, 'चौकट छान आली पूर्णविराम.' मला वाटलं, सर गंमत करतायत. पण चुका काढणं बंदच झालं. महिने गेले. मी आपल्या मनाची समजूत घालायचो की मी आता चुकतच नाही.

मग एका शनिवारी घाईत मी भलताच फोटो टाकला. गावाकडून भावानं कांदा साठवायच्या चाळीचा पाठवला होता, तो. वर लिहिलेलं 'यादी चढत्या क्रमानं लावण्याचा प्रोग्राम' आणि खाली चाळीत भरलेला कांदा. मला रविवारी कळलं, तेसुद्धा कॉमेंट बघायला गेलो तेव्हा.

'चौकट छान आली.'

हसू आलं आधी. मग लक्षात आलं. म्हणजे सर बघतच नव्हते. मी टाकतोय म्हणून बिचारे दर रविवारी दोन शब्द फेकत होते. एवढा एक माणूस होता, तोही नव्हताच म्हणा की. ब्लॉग बंद करायचं मी त्याच दिवशी ठरवलं. पण तोंडावर सांगून बंद करायचा, असं डोक्यात घेतलं.

*

पुढच्या रविवारी एसटीनं न्हावरा, चौफुला करत दौंडला गेलो. रस्ताभर भांडण पाठ करत होतो. दार उघडंच होतं. सर समोर खुर्चीत. मी उंबऱ्यात उभा, चांगलं ऊन होतं.

"कोण आहे?" सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, मी." तेव्हा कुठं चेहरा फुलला. "अरे संतोष!"

त्यांची मुलगी पाणी घेऊन आली. हळूच म्हणाली, "पप्पांना आता मधलं काही दिसत नाही. कडेकडेचं दिसतं तेवढंच. दीड वर्ष झालं. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

पाठ केलेलं सगळं विसरलो. सरांनी मोबाईल काढला. "हा वाचून दाखवतो मला. बोलून कॉमेंट पण टाकतो. बघ." माझी पोस्ट लावली. फोनमधली बाई माझी वाक्यं वाचत गेली, आणि प्रोग्रामची जागा आली तशी म्हणाली, "इमेज." पुढं पुन्हा माझी वाक्यं. मग पुन्हा, "इमेज."

"इमेज म्हणाली की मी समजतो, चौकट आली," सर म्हणाले. "आत तू छानच लिहिलं असशील."

"सर, मला एकदा सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू दर आठवड्याला तब्येत विचारत बसला असतास. मला तुझा कोड पाहिजे होता."

कांद्याचा विषय मी काढला नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कंस, कोलन, स्वल्पविराम सगळं वाचायचं चालू करून दिलं, जेवलो आणि साडेतीनच्या एसटीनं परत आलो.

*

त्या आठवड्यात मी फोटोचा नाद सोडला आणि प्रोग्राम अक्षरांत टाईप केला. खाली साध्या मराठीत लिहिलं, 'तिसरी आणि चौथी ओळ दुसरीच्या पोटात आहे, पाचवी ओळ चौथीच्या पोटात आहे.' रंग नाही, गोल कडा नाहीत. नवीन स्टाफमधल्या एकानं बघून विचारलं, "सर, हे असं का दिसतंय?" मी म्हटलं, "असू दे." प्रोग्राम तीनदा वाचून पाहिला आणि शनिवारी पोस्ट टाकली.

रविवारी चहा ठेवला. उपासनेची वेळ होऊन गेली. चहा पिऊन झाला, कप विसळून ठेवला, तरी कॉमेंट नाही. एक वाजला, दोन वाजले. मी फोन पालथा घालून कपडे वाळत घालायला गेलो. परत आलो तेव्हा आलेली होती.

'दुसरी ओळ चारदा ऐकली. शेवटी कोलन नाही पूर्णविराम काय शिकवलं मी तुला.'