गप म्हणजे व्हय

“इंग्रजी शाळेत शिकली, पण तोंड उघडत नाय. असली पोरगी आजकाल भेटती कुठं?”

बैठकीत आबा फोनवर बोलत होते. मी स्वयंपाकघरात पोह्यांवर कोथिंबीर घालत होते. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. दोघींनाही पुढचं ऐकायचं होतं.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते सोयगावला शेती बघायचे, पण शहरात, गारखेड्यातल्या आमच्या घरात काय व्हायचं ते तिथूनच ठरायचं. बीएस्सीसाठी मला घराजवळचं मुलींचं कॉलेज मिळालं, कारण आबांना ते पसंत होतं. सहलीला मी कधी गेले नाही. मैत्रिणीकडे जायचं तर सोडायला पप्पा, आणायलाही पप्पाच. आता एमएस्सीला माझा नंबर लागला होता. शनिवारपर्यंत प्रवेश घेतला नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि आबा स्थळ घेऊन आमच्याकडे आले होते. मुलाकडचे रविवारी येणार होते.

आमच्याकडे मुलीला विचारत नाहीत, असं नाही. विचारतात. आदल्या दिवशी आबांनी विचारलंही होतं, “चालंल ना गं बाई?” मी मान खाली घातली. पण आमच्यात गप म्हणजे व्हय. आत्यांची लग्नं अशीच ठरली, आईचंही. लाजली म्हणजे तिच्या मनात आहे, असं सगळे धरून चालतात. मी तर जन्माचीच लाजाळू. त्यामुळे माझा होकार लोकांना नेहमी न मागताच मिळत आला.

नकाराची तयारी मी केली होती, पण ती इंग्रजीत. आरशासमोर ती वाक्यं झकास यायची. शाळेनं आम्हाला विनंती करायला शिकवलं होतं, प्रत्येक वाक्यात ‘प्लीज’ आणि ‘मे आय’. तेच मराठीत आणलं की ‘मला पुढे शिकायला आवडेल’ असं काहीतरी व्हायचं, रेडिओवरच्या बाईसारखं. ते ऐकून आबा हसले असते. आबा हसले की विषय संपला.

“बोल की,” आई हळूच म्हणाली.

“तू पप्पांना सांग ना.”

“त्यांना सांगून काय उपयोग? भावापुढं खुर्चीवर तरी बसतात का ते?”

खरंच, मी बशा घेऊन बाहेर गेले तेव्हा पप्पा दाराला टेकून उभे होते. शेंद्र्याच्या कंपनीत सगळी शिफ्ट त्यांच्या शब्दावर चालते. पण आबांनी शाळा सोडून औत धरलं म्हणून पप्पा शिकले. हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं, पप्पांना जरा जास्तच. त्यांना तसं उभं बघितलं की मला माझीच भीती ओळखू यायची. राग यायचा नाही.

आबांनी बशी घेतली. “रविवारी साडी नेस बरं का. ड्रेस नको.” मग पप्पांकडे वळून म्हणाले, “हिला विचारलंय मी काल. व्हय म्हणली.”

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. एरवी वळवायचे, पण त्या दिवशी त्यांनी नजर वळवली नाही.

“आबा.”

आवाज इतका बारीक निघाला, की त्यांचा चमचा मधेच थांबला. “काय गं? मीठ इसरली का पोह्यात?”

“नाही. मी काल काहीच म्हणले नव्हते. मला बोलायची भीती वाटली. मला एमएस्सी करायचंय, आबा. शनिवारच्या आत अ‍ॅडमिशन घ्यावी लागते. तुम्ही नाही म्हणालात तर पप्पा गाडी काढणार नाहीत. म्हणून उद्या तुम्हीच चला माझ्यासोबत.”