वाईनच्या संग्रहालयात आत्याबाई

लेकीला पहिली नोकरी लागली तेव्हा आमच्या घरात पेढे आले नाहीत. ती फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, आणि नोकरी मिळाली ती शहराबाहेर नव्यानं उघडलेल्या वाईनच्या संग्रहालयात. येणाऱ्यांना वाईनचा इतिहास सांगायचा, तिथले पडदे आणि खेळ चालवून दाखवायचे, सुचतील तसे नवे खेळ तयार करायचे, असं काम. नवऱ्यानं "बरं" म्हणून पेपर उघडला. गारखेड्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये कुणी विचारलं की मी "म्युझियममध्ये असते" एवढंच सांगायची. कशाचं म्युझियम, ते गिळून टाकायची. माझं माहेर कारकुनांचं. वडील कोर्टात होते, आजोबा पूजा सांगायचे. दारू हा शब्दसुद्धा आमच्याकडं हळू आवाजात उच्चारला जायचा.

सासूबाईंनी मात्र सरळ विचारलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. पंच्याहत्तरी उलटली तरी पाठ ताठ, आणि बोलणं तर त्याहून ताठ.

"माय, तिथं लोक पिऊन पडत्यात का?" त्यांनी नातीला विचारलं.

"नाही गं आजी. बघायलाच ये ना एकदा."

"येते की. बघितल्याबिगर मी कुणाला नावं ठेवीत नाय."

एका रविवारी आम्ही दोघी रिक्षानं निघालो. संग्रहालय चितेगावच्या अलीकडं, पैठण रस्त्याला. आमची जमीनही याच अंगाला होती. काही रस्त्यात गेली, उरलेल्या जमिनीवर प्लॉट पडले, आणि आम्ही शहरात आलो. आता तिथं कंपन्यांच्या भिंती आहेत, टाईल्सची दुकानं आहेत. आत्याबाई बाहेर बघत होत्या. एका वळणावर त्यांनी बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हितं आपली हीर होती." तिथं एक मंगल कार्यालय उभं होतं.

लेक दारातच थांबली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात छोटा माईक. घरी पसारा करणारी ती हीच का, असं मला वाटलं. तिच्याबरोबर आत गेलो. पुण्याहून आलेलं एक कुटुंबही आमच्यात होतं, नवराबायको आणि त्यांच्या दोन मुली.

पहिल्या दालनात भिंतीला हात लावला की चित्र उजळायचं. एका चित्रात अजिंठा लेण्यांच्या छतावर रंगवलेले परदेशी पाहुणे होते, डोक्यावर टोपी, हातात प्याला. आत्याबाई म्हणाल्या, "यांना बघितलंय मी. लेण्यांपाशी फर्दापूरला मुक्काम केला होता तवा." दौलताबादच्या परिसरात द्राक्षं पूर्वीपासून होतात, हे लेकीनं सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, जणू कुणी घरच्या माणसाचं कौतुक केलंय.

पुढच्या खोलीत वासाच्या बरण्या होत्या. झाकण उघडायचं, हुंगायचं, ओळखायचं, मग बटण दाबून उत्तर बघायचं. मला तीन ओळखता आल्या. आत्याबाईंनी पेरू, लवंग, मिरं, भिजलेली माती, चामडं सगळं ओळखलं. एका बरणीला त्या म्हणाल्या, "जुनं बारदान." पडद्यावर उत्तर आलं, लाकडी पिंप. "मग त्यांचं पिंप बारदानाजवळ ठिवलं आसंल," त्या म्हणाल्या. पुण्याच्या मुली खुदकन हसल्या आणि तिथून पुढं त्यांच्या मागं मागंच चालू लागल्या.

तिसऱ्या दालनात काचेच्या मोठ्या पडद्यावर एक द्राक्षवेल होती, माणसाच्या उंचीची. पडद्यावर अक्षरं आली. दुष्काळाचं वर्ष आहे. विहिरीचा तळ दिसतोय. वेलीवर घड धरलेत. काय कराल? खाली तीन बटणं होती. सगळं पाणी देऊन घड वाढवा. रोज थोडं थोडं पाणी द्या. घड काढून टाका.

पुण्याच्या गृहस्थांनी पहिलं बटण दाबलं. घड फुगले, मग पानं करपली, आणि वेल काळी पडली. दुसरं दाबलं, तीच गत झाली. "तिसरं कोण दाबणार?" ते म्हणाले. "हाताशी आलेलं पीक कोण फेकून देतं?"

आत्याबाई पुढं झाल्या आणि त्यांनी तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं. घड गळून पडले. वेल उघडी झाली, खोडाला लागून पाण्याचे थेंब पडत राहिले. उन्हाळा सरला आणि काडीकाडीवर हिरवे कोंब फुटले.

त्या नातीकडं वळल्या. "हे तुला कुणी सांगितलं?"

"आईनं," ती म्हणाली. "मी लहान असताना. हा खेळ मीच केलाय आजी."

मी सांगितलं होतं, हे खरं. पण ते तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, लेक पाळण्यात होती. पावसानं पाठ फिरवली होती आणि गावात प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. विहिरीवरची मोटर भाताचं आधण येईपर्यंत चालायची, मग हवा ओढायची. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आमच्या द्राक्षबागेला घड मात्र छान धरले होते, मुगाएवढे मणी झाले होते. सासरे म्हणत होते, काहीही करू पण माल काढू.

एके सकाळी आत्याबाई कात्री घेऊन बागेत गेल्या. पाटी धरायला मला बरोबर घेतलं. मला वाटलं, वाळकी पानं काढायची असतील. त्यांनी पहिला घड कापून पाटीत टाकला, मग दुसरा, मग तिसरा.

"आत्याबाई, अहो काय करताय!"

"घड यंदाचा आसतो," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "येल धा-पंधरा वर्साचा. त्याच्याच्यानं दोन्ही पेलायचं नाय आता."

सासरे आले. कापलेल्या ओळींकडं बघत नुसते उभे राहिले आणि परत गेले. आठ दिवस ते आत्याबाईंशी बोलले नाहीत. घड शेळ्यांनी खाल्ले. मी पाळण्याजवळ बसून रडले. ही बाई दगडाची आहे, असं तेव्हा मला वाटलं. त्या मात्र उन्हाळाभर वेलींच्या बुडाशी उसाचं पाचट पसरत होत्या, धुण्याचं उरलेलं पाणी तांब्यानं देत होत्या. एकेका वेलीला एकेक तांब्या.

त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या बागा वाळल्या. लोकांनी खोडं उपटून चुलीला लावली. आमची बाग पावसानंतर फुटली. पुढं शेजाऱ्यांनी पुन्हा बागा धरल्या तेव्हा लावायला काड्या आमच्याच बागेतून नेल्या, आणि येईल त्याला सासरे सांगायचे, "घरच्या बाईनं राखली. मी तर घालवलीच होती."

हे सगळं मी त्या पडद्यासमोर सांगितलं. सांगताना माझा आवाज चढत गेला, तो मला आवरता आला नाही. पुण्याच्या गृहस्थांनी आत्याबाईंना हात जोडले. त्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. त्या पडद्यावरच्या वेलीकडं निरखून बघत होत्या.

"एक चुकलंय बग माय तुझं," त्या नातीला म्हणाल्या. "पाणी खोडाला लागून दावलंस. तसं नाय देत. दीड हात लांब द्यायचं. मुळी चालत जाती तिकडं. लांब गेली म्हंजी दुष्काळात तग धरती."

लेकीनं खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. ओळखपत्र घातलेली आणखी दोन माणसं येऊन उभी राहिली. मग आत्याबाईंनी काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, कशी ओळखायची, कात्री कुठं लावायची, कुठं लावायची नाही, हे बोटानं दाखवलं. अर्धा तास गेला. कुणी हललं नाही.

शेवटी चव घेण्याचा ओटा होता. आम्हाला द्राक्षाचा साधा रस दिला. "आठ दिस आधी तोडलीत," आत्याबाई म्हणाल्या. "साखर पुरती भरली नाय." मग पुण्याच्या बाईंच्या हातातला वाईनचा ग्लास त्यांनी मागून घेतला, हुंगला आणि परत दिला. "मी पिणार नाय. पण वास चांगला हाय. मळ्यातूनच आलंय की हे. पोरीच्या कामात लपवण्यासारखं मला काय दिसंना."

हे त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, पण मला पोचायचं ते पोचलं. परतताना मी मिठाईच्या दुकानाशी रिक्षा थांबवली. अपार्टमेंटमध्ये प्रत्येक दारी पेढा दिला आणि कशाचं म्युझियम ते पुरतं सांगितलं. तळमजल्यावरच्या काकूंनी भुवया उंचावल्या, तशी मी त्यांना आणखी एक पेढा दिला.

महिनाभरात लेकीनं खेळ दुरुस्त केला. पाणी आता दीड हात लांब पडतं. आत्याबाईंचा आवाजही तिनं रेकॉर्ड केला. तिसरं बटण दाबलं की घडाचं आणि वेलीचं त्यांचं बोलणं ऐकू येतं, त्यांच्याच भाषेत, काही न बदलता. पहिल्यांदा ऐकून त्या म्हणाल्या, "माझा आवाज एवढा खरखरीत हाय व्हय?"

एप्रिलमध्ये संग्रहालयामागच्या बागेची खरड छाटणी होती, म्हणजे माल निघाल्यावर जुन्या काड्या आखूड कापायच्या होत्या. शेतकी कॉलेजची मुलंमुली शिकायला यायची होती, तेव्हा व्यवस्थापकांनी घरी येऊन आत्याबाईंना रीतसर बोलावणं केलं. त्या नऊवारीचा पदर खोचून सकाळीच गेल्या. मी सावलीत खुर्ची ठेवली होती, तिच्यावर त्या बसल्याच नाहीत. वीस-बावीस वर्षांची ती मुलं वह्या घेऊन त्यांच्याभोवती उभी होती. एकीनं घाबरत घाबरत कात्री लावली.

"ढिली धर," आत्याबाई तिला म्हणाल्या. "आन् भिऊ नकोस. लई सोसतो हा येल."