अंजनाचा घण

उल्हासनगरहून अंबरनाथला येताना रस्त्याकडेला किसनचं कमानपाट्याचं, म्हणजे गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे ठोकून द्यायचं, दुकान होतं. वर चार पत्रे, खाली भट्टी आणि ऐरण. किसन तापून लाल झालेला पाटा सांडशीत धरायचा आणि त्याची बायको अंजना त्यावर घण घालायची. ती बदलापूर गावातल्या शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन अंबरनाथच्या बुवापाड्यात आली आणि वर्ष-दोन वर्षांत तिच्या दंडांना पीळ पडला. पाठीवर वळही पडले. घाव जरा तिरका बसला की किसन तीच सांडशी तिच्या पाठीत हाणायचा. समोर गिऱ्हाईक असो, नसो. अंजना पदर सारखा करायची आणि पुन्हा घण उचलायची.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात विटांचा धंदा करणारा चंदर टेम्पो घेऊन आला. गाडी त्याचा धाकटा भाऊ मधु चालवायचा.

"विटा भरल्या की मागचं बूड बसतं," चंदर म्हणाला. "टायर घासतो. मागनं उचलून दे."

पाटे पार सपाट झाले होते. ते उतरवून, तापवून, ठोकून पुन्हा बाक द्यायला हवा होता आणि एक पाटा वाढवायला हवा होता. दोन दिवसांचं काम.

"दोन दिवस? सीझन चालू हाय. आज काय होतं ते बोल."

"मग ठोकळा टाकतो," किसन म्हणाला.

अॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा सारला की गाडी तेवढी वर येते. पण मग बोल्टही तेवढेच लांब लागतात, आणि ते दुकानात नव्हते. किसनने जुन्याच बोल्टांवर नट कसेबसे अडकवले.

अंजना वाकून बघत होती. "अवो, नट टोकावर धरलाय. भरलेली गाडी हाय. सुटला तर मानूस मरंल."

किसनने हातातला पाना तसाच तिच्या तोंडावर फेकला. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. मधु पुढे झाला, पण चंदरने त्याला मागे ओढलं. "त्यांचं ते बघतील. किसन, आटप लवकर."

टेम्पो मागून उचलला गेला. दिसायला झकास दिसत होता. दोनच दिवसांनी, विटा भरून येताना, उताराच्या वळणावर बोल्ट सुटले. ठोकळा उडाला, अॅक्सल एका बाजूला सरकला आणि गाडी उलटली. विटांखालून मधुला काढलं तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

तेराव्यानंतर चंदर भर दुपारी दोन माणसं घेऊन दुकानात शिरला. तिघांच्या हातात लोखंडी सळ्या.

"कोनी बसवला तो ठोकळा?"

किसन मागे सरकत ऐरणीला टेकला. "हिनं," तो बोट दाखवून म्हणाला. "नट हिनंच आवळले."

चंदरने तर सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याची पहिली सळी किसनच्या उजव्या कोपरावर बसली आणि हाड कडाडलं. दुसरी बरगडीत, तिसरी गुडघ्यावर. किसन राखेत लोळत गुरासारखा ओरडत होता. अंजना हलली नाही. मारू दे, असं तिच्या मनात आलं, आणि तसं आल्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

मग चंदरने दोन्ही हातांनी सळी त्याच्या डोक्यावर उगारली.

अंजनाने घण फिरवला. चंदरचं मनगट मोडलं, सळी पत्र्यावर जाऊन आदळली. बाकीचे दोघे तिच्या अंगावर धावले, तसा तिने घण पुन्हा खांद्यावर घेतला.

"या! एकाचं तरी डोकं फोडीन." मग चंदरकडे वळून म्हणाली, "तू पन हितंच व्हतास ना? माझं कपाल फुटलं तवा काय बोल्लास? आटप लवकर, आसंच ना?"

"ऱ्हाऊ दे," चंदर आपल्या माणसांना म्हणाला. मोडका हात पोटाशी धरून तो तिथेच खाली बसला आणि मधुच्या नावाने हंबरडा फोडला.

पोलिसात कोणीच गेलं नाही. किसनचा कोपर वाकडाच सांधला. भट्टी आता अंजना सांभाळू लागली. सांडशी तिच्या हातात आली आणि घणाला तिने एक गडी ठेवला. किसन दिवसभर पिऊन पडायचा. एकदा दुकानात येऊन त्याने गड्यासमोर डाव्या हाताने तिच्या थोबाडीत मारली. अंजनाने तोच हात पकडून ऐरणीवर दाबला आणि गड्याच्या हातातला घण घेतला.

"किसन," ती म्हणाली. लग्नानंतर तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. "ह्यो पन मोडू?"

त्याने हात ओढून घेतला. संध्याकाळी तो भावाकडे निघून गेला, तो परत आला नाही.

मधुच्या आईला, गयाबाईला, अंजना एकदा भेटायला गेली. म्हातारीने उंबऱ्यातूनच पितळी तांब्या फेकून मारला. कान फाटला. "माजा पोर दे!" म्हणत ती दिसेल ते फेकत राहिली. अंजनाने अंग चोरलं नाही. म्हातारी दमून खाली बसली तेव्हा अंजना वळली आणि चालत घरी आली.

पुढे दहा-अकरा वर्षं तिने कमानपाट्याचंच काम केलं. घाईचं गिऱ्हाईक ती सरळ परत पाठवायची. मनगटं धरायला लागली तेव्हा तिने दुकान त्या गड्याच्या हवाली केलं.