बाळ्याचे एकशे तीन फोटो

भूत, करणी, दृष्ट, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. बायकोने दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधली तेव्हा मी म्हटलं होतं, त्यापेक्षा मिरच्यांची भजी कर. फोटोग्राफर माणूस मी. प्रकाश लेन्समधून आत येतो, फिल्मवर पडतो, चित्र उमटतं. मध्ये तिसरं कुणी नसतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो. आता सांगत नाही.

गोष्ट सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरातली. दुबईत, देरा भागात माझा छोटा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, वाढदिवस, व्यापाऱ्यांचे कॅटलॉग... मिळेल ते काम. पाटणकर म्हणून एक आपलेच व्यापारी पाण्याचे पंप विकायचे. पंपावर सिंहाची छाप. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर त्यांना सिंह हवा होता, आणि तोही जंगलातला.

"आफ्रिकेला कोण जाणार?" पाटणकर म्हणाले. "फुजैराच्या रस्त्याला एका फार्मवर सिंह ठेवलाय. मॅनेजर आपला दोस्त आहे. पिंजरा दिसता कामा नये, बस्स. जंगल वाटलं पाहिजे."

हे जमतं. कसं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, पूर्ण उघडं ठेवलं की ज्यावर फोकस लावला तेवढाच पातळ पट्टा स्पष्ट येतो. त्याच्या पुढचं-मागचं सगळं धूसर. तीनशे मिलिमीटरची मोठी लेन्स घ्यायची, २.८ वर पूर्ण उघडायची, पिंजऱ्याच्या जाळीला जवळजवळ टेकवायची आणि सिंहाच्या डोळ्यावर फोकस लावायचा. जाळीची तार इतकी जवळ असते की फोटोत ती विरघळून जाते. मागची भिंत म्हणजे नुसतं तपकिरी धुकं. झालं तुमचं जंगल! या हातचलाखीचा मला तेव्हा अभिमान होता. आज लिहितानासुद्धा किळस येते.

सकाळी नऊला फार्मवर पोचलो. गाडीचं दार उघडलं आणि वास अंगावर आला. मूत, सडकं मांस आणि वरून ओतलेलं फिनेल. बाजारात न खपलेल्या कोंबड्या एका निळ्या पिंपात भरून ठेवल्या होत्या, त्यावर माश्यांचा थर. पिंजऱ्यातल्या पाण्याच्या टबात हिरवं शेवाळ. आणि या सगळ्यात पाटणकरांनी पाठवलेलं सुकं गवत पसरलेलं... आफ्रिका म्हणून!

सिंहाची आयाळ चमकत होती. पाटणकरांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "खोबरेल तेल लावा, फोटोत चकाकी येईल." लांब काठीला ब्रश बांधून खरोखरच लावलं होतं. आता त्या तेलाला माती चिकटली होती, माश्या चिकटल्या होत्या, आणि काही माश्या अजून जिवंत होत्या. जंगलाच्या राजाला खोबरेल तेल लावायचं आपल्याच माणसाला सुचू शकतं.

तेल लावणारा दत्ताराम. संगमेश्वरकडचा, पन्नाशीचा, किडकिडीत. सिंहाचं सगळं तोच करायचा. कागदावर सिंहाचं भलंमोठं अरबी नाव होतं, दत्ताराम त्याला 'बाळ्या' म्हणायचा. "बाळ्या, बस खाली. साहेब आलेत." आणि तो सिंह बसला. त्या फार्मवर मराठी समजणारे आम्ही तिघेच, बाळ्या धरून.

मॅनेजर सावलीत खुर्ची टाकून बसला होता. तो दोन मिनिटं फोन घ्यायला गेला, तसा दत्ताराम माझ्याजवळ आला.

"साहेब, एक फोटू ह्याच्या मागच्या पायाचा काढा."

तेव्हा मी नीट पाहिलं. मागच्या पायाला साखळी होती. साखळीखालचं कातडं गेलं होतं, मांस चिघळलं होतं, आणि त्यात किडे वळवळत होते. फोटोसाठी म्हणून सकाळी वर माती थापली होती, ती बाळ्याने चाटून काढली होती.

"डॉक्टर नाही बोलावला?"

"मॅनेजर बोलवत नाय. आणि अरबाबाला सांगतो सगळा ठीक हाय." अरबाब म्हणजे फार्मचा मालक. तो दुबईत राहायचा, महिना-दोन महिन्यांनी फेरी मारायचा. "माणूस वाईट नाय तो. पन मला अरबी येत नाय, त्याला हिंदी येत नाय. फोटू हातात दिला का बोलायला नको. डॉक्टर आला तर जगंल हा."

"बघू," मी म्हटलं. आपण 'बघू' कधी म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत असणार.

मॅनेजर परत आला. "पैर-वैर नहीं लेना, भाई. सिर्फ मुँह. यल्ला, जल्दी!"

मी फक्त तोंडच घेतलं. बाळ्या समोर तोंड करून बसला होता. मागचा पाय एका बाजूला पसरलेला, तो फ्रेममध्ये येत होता. पण व्ह्यूफाइंडरमधून मी स्वतः बघत होतो, पायाचा नुसता तपकिरी डाग दिसत होता. जाळी नाही, भिंत नाही, साखळी नाही. डोळे तेवढे लख्ख. दोन कॅमेरे, छत्तीस-छत्तीसचे तीन रोल. शेवटच्या रोलमध्ये पाच फ्रेम उरल्या. दत्ताराम जाळीपाशी उभा राहून माझ्या हाताकडे बघत होता. मी कॅमेरा बॅगेत ठेवला. त्या पाच फ्रेम परतीच्या वाटेवर डोंगरांवर उडवल्या. डोंगर!

तीन दिवसांनी लॅबमधून स्लाइड आल्या. लॅबवाला मल्लू माझा जुना दोस्त, तो म्हणाला, "भाई, ये कौन सा लेन्स है? जाली भी शार्प, दीवार भी शार्प?"

मी हसलो. मग भिंगाखाली पहिली स्लाइड धरली.

समोर आडवी बोटभर जाड जाळीची तार. तारेवरचा गंज, गंजात अडकलेलं कोंबडीचं पीस, पिसाचा एकेक केस स्पष्ट. तिच्यामागे तेलकट आयाळ, माश्यांचे पंख. त्यामागे पाय. साखळीची प्रत्येक कडी, जखम, किडे... मोजता आले असते. त्याच्याही मागे टबातलं शेवाळ आणि भिंतीवरचे शिंतोडे. एकशे तीनच्या एकशे तीन फोटोंत हेच. डोंगरांचे पाच मात्र जसे यायचे तसे आलेले.

तुमच्यातले फोटोग्राफर म्हणतील, अ‍ॅपर्चर चुकून लहान झालं असेल. दोन्ही कॅमेऱ्यांवर? शटर हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर होतं. त्या उजेडात भोक लहान झालं असतं तर स्लाइड काळ्याठिक्कर आल्या असत्या, आणि एक्स्पोजर तर अचूक होतं. शिवाय ती लेन्स अडीच मीटरच्या अलीकडे फोकसच होत नाही. तार होती वीतभरावर. भोक कितीही लहान करा, वीतभरावरची तार आणि मागची भिंत एकत्र स्पष्ट येणं त्या लेन्सच्या बापाला जमणार नाही.

पाटणकरांनी दोन स्लाइड बघितल्या आणि नाकाला रुमाल लावला, जणू वास येत होता. "ही घाण माझ्या कॅलेंडरवर? आणि हे बाहेर कुणाला दाखवू नकोस हं. मॅनेजर आपला माणूस आहे." त्यांनी कुठल्याशा एजन्सीकडून तयार सिंह घेतला. पुढचं काम मात्र मलाच देणार म्हणाले.

मी त्याच दिवशी पायाचे चार मोठे प्रिंट करून घेतले होते. दत्तारामला नेऊन द्यायचे, हे मनात नक्की होतं. पण ते मॅनेजरला कळणार, मॅनेजर पाटणकरांना सांगणार, पाटणकर दहा जणांना... लॅबचा लिफाफा ड्रॉवरमध्ये टाकला. या शुक्रवारी जाऊ, पुढच्या शुक्रवारी जाऊ. मधल्या काळात दोन्ही कॅमेरे आणि लेन्स तपासायला दिली. ठणठणीत निघाली.

शेवटी गेलो. पिंजरा रिकामा होता. फरशी स्वच्छ धुतलेली, शेवाळाचा टबही घासलेला. वास तेवढा होता. दत्ताराम पिंप धूत होता.

"परवा गेला," तो म्हणाला.

काय करावं सुचेना, म्हणून लिफाफा त्याच्या हातात दिला. त्याने हात लुंगीला पुसले, चारही फोटो एकेक करून बघितले.

"चांगला आलाय. सगळा दिसतोय."

"आत्ताच धुवून आले," मी म्हटलं.

त्याने फोटो परत लिफाफ्यात घातले. लिफाफ्यावर लॅबवाल्याने ठसठशीत तारीख टाकली होती. ती त्याने वाचली. ओठ हलताना मला दिसले.

"गेल्या जुम्म्याला अरबाब आलेला," तो म्हणाला. "मॅनेजरनी त्याला पिंजऱ्याकडं येऊच दिला नाय. मी खुनेनी सांगितला. पायाला हात लावून दाखवला. त्याला वाटला माझाच पाय दुखतो. खांद्यावर हात ठेवलान, मला गोळ्या आनून दिलान... आनि गेला."

लिफाफा त्याने मला परत दिला.

लेन्स तयार करणाऱ्या कंपनीच्या माणसापासून कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांना मी त्या स्लाइड दाखवल्या. ते फोटो तसे कसे आले, हे मला आजही माहीत नाही. तयार फोटो अठरा दिवस ड्रॉवरमध्ये का राहिले, एवढं मात्र नीट माहीत आहे, आणि तेवढंच कुणी मला कधी विचारलं नाही.