बी पडायच्या आधी

आत्याचं खुब्याचं हाड मोडलं त्या पावसाळ्यात तिचा एकच धोशा होता, "मना कातळावर न्या." चामटोलीच्या वरच्या कातळावर तेव्हा लाल, चिकट, किडे खाणारी बारकी रोपं उगवायची. पुस्तकात त्यांना दवबिंदू म्हणतात, आत्या नुसतं 'आपली लाल' म्हणायची. बी पडेपर्यंत तिथे शेळी फिरकू द्यायची नाही, पोरांनी हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. मोडला तर शिव्या अशा, की ऐकणाऱ्याने कान धुवावेत. मीही खाल्ल्यात.

"पाठीवर घेऊन चढू काय तुना?" असं तिचा एकुलता एक लेक तिला तोंडावर म्हणाला. मला म्हणाला, "ताई, तू पण वर जाऊ नको, निसरडं झालंय. वर सगळं मस्त आहे."

मी तेव्हा अंबरनाथला राहायची, मोरिवलीच्या एका कंपनीच्या ऑफिसात होते. तिथे इंटरनेट होतं. म्हटलं, आत्याला कातळावर नेता येत नाही, तर रोप तरी तिच्या उशाशी नेऊ. पण वरचं उपटून नेलं तर म्हातारी मला उभी चिरेल. मग बियांपासून वाढवलेलंच विकत घ्यायचं ठरवलं. एका साइटवर उल्हासनगरचाच विकणारा सापडला.

रानातून उपटलेला माल कसा ओळखायचा ते मी वाचून ठेवलं होतं. रोपं लहानमोठी असतात, मुळाला तांबडी माती असते, मध्येच गवताची काडी निघते. त्याला फोनवर भंडावून सोडलं. तो आपला गोड, "मॅडम, सब घर का माल है, सीड से उगाया." रोपं आली ती खरंच एका मापाची, मुळं स्वच्छ, कपात मातीऐवजी कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा. मी स्वतःवरच खूश झाले.

थोडे दिवस गॅलरीत ठेवून कप चामटोलीला नेला. आत्याने तो छातीशी धरला आणि लहान पोरीसारखी हसली. "बाय गो! सीतेची आसवं पन आनलीस?"

बघते तर लाल रोपांच्या मधून केसासारखा देठ वर आलेला, त्यावर इवलंसं निळं फूल. सीतेची आसवं. ती कोणी विकत नाही, कोणी लावत नाही. ती कातळावर उगवतात, आपल्या लालच्याच पायाशी.

दारात उभा राहून लेक बघत होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "ते कसं राहिलं? मी तर सगळी धुऊन दिली होती त्या उल्हासनगरवाल्याला."

आत्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिने विचारलं, "बी परलेला का?"

"गिऱ्हाइकाला फुलावरच लागतं."

"सगली काढलीस?"

"येतील गं पुढच्या वर्षी. गवतच तर आहे."

"कशी येतील? बी कुठं हाय?" मग अगदी शांतपणे म्हणाली, "मीच चुकले. तुना बी धरायच्या आधी उपटायला पायजे होता."

तो हसला. मेल्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. वाजवलीच.

कप तिने हातातून सोडला नाही. मी बजावून आले होते की पावसाचंच पाणी घाला. पण त्याने बोअरचं घातलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत रोपं काळी पडत गेली. मी गेले की विचारायची, "बाय, वर एक तरी असंल ना?" मी म्हणायचे, असेल. दिवाळीच्या आत ती गेली.

पुढच्या पावसाळ्यात मी कातळावर चढले. नुसतं गवत. खाली वाकून, हाताने चाचपून बघितलं. आसवंही नव्हती.

ऑफिसात जाऊन त्या उल्हासनगरवाल्याचं पान उघडलं. धंदा जोरात होता, माल आता वांगणीकडच्या कातळांवरून येत असावा. सगळ्यात वर नवा फोटो. आमचाच कप, रोपं अजून हिरवी-लाल. मागे आत्याच्या गोधडीचा काठ, आणि कपाला धरलेली तिची दोन बोटं. ती झोपलेली असताना लेकाने मोबाइलवर काढून त्याला दिला असणार.

खाली लिहिलं होतं, रानातली नाहीत, आमच्या आईने घरी बियांपासून वाढवलेली.