गावात घालायचं घड्याळ

काळ हा एकच मालक असा आहे, जो कोणाला गाव, आडनाव किंवा पगार विचारत नाही. त्याच्या दारात सगळे सारखे. हे मी बरीच वर्षं मनापासून मानत होतो. मग एका शनिवारी दुपारी, सीवूड्सच्या आमच्या ऑफिसात, सरांनी पाहुण्यांसमोर माझं मनगट धरलं आणि उचलून दाखवलं. बाजारात कोंबडी उचलून दाखवतात तसं.

मी कॉफीचे कप ठेवत होतो. ते माझं काम नव्हतं. पण पाहुणे मोठे असले की शिपायाऐवजी मला आत पाठवायची सरांची पद्धत होती. सर बिल्डर. मी शिरवण्याचा, म्हणजे नवी मुंबई, नोड, सेक्टर वगैरे शब्द इथे येण्याच्या आधीपासूनच्या गावातला. "मीट अवर ओरिजिनल," असं म्हणून ते माझी ओळख करून द्यायचे. "ह्याचे आजोबा इथे भात लावायचे. हे सगळं ह्यांचं होतं." 'होतं'वर जरा थांबायचे. पाहुणे माझ्याकडे आदराने बघायचे. संग्रहालयात नांगराकडे बघतात तेवढ्या.

त्या दिवशीचा पाहुणा घड्याळांचा शौकीन निघाला. उलव्याच्या टॉवरचा नकाशा त्याने बाजूला सारला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला.

"क्या बात है! ओरिजिनल आहे?"

मी हो म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो.

सरांनी माझा हात धरून दिव्याखाली नेला. "अहो, कसलं ओरिजिनल! माझंच आहे ते. फर्स्ट कॉपी. गावात, साइटवर जाताना मी हेच घालायचो. तिकडे धूळ, चिखल... आणि कळतंय कोणाला?" मग त्यांना काहीतरी सुचलं. सुचलं की ते आधी स्वतःच हसायचे. "माणूस ओरिजिनल, घड्याळ डुप्लिकेट!"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. कॉफी न सांडता हसलो, एवढंच माझं कौशल्य.

नकली घड्याळ मला ओळखता येत नव्हतं असं नाही. उलट, त्या बाबतीत माझा अभ्यास दांडगा होता. घरी बुटांच्या खोक्यात माझा संग्रह होता. सगळी स्विस, सगळी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरची. नकलीतही उतरंड होती. सगळ्यांत खाली नुसती 'कॉपी', जिचं पाणी महिन्यात उडतं आणि मनगटावर हिरवा डाग पडतो. तिच्यावर 'फर्स्ट कॉपी'. तिच्याही वर 'मास्टर कॉपी', जी विकणारा गिऱ्हाइकाचा चेहरा बघूनच बाहेर काढायचा. ज्या देशात माणसांच्या इतक्या पायऱ्या, तिथे खोट्या घड्याळांना त्या नसतील तर नवल.

मी ती का घ्यायचो, तेही सांगतो. मी इतिहासात एम.ए. आहे. कुठल्याच टॉवरच्या गेटवरच्या एकाही सिक्युरिटीवाल्याने ते कधी पाहिलं नाही. मनगट मात्र सगळ्यांनी पाहिलं. रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावणारा माणूस घड्याळ बघून "जाइए सर" म्हणायचा. फुटपाथवरच्या विक्रेत्याने ते मला एका वाक्यात समजावलं होतं. "भाई, मशीन का क्या करनेका? टाइम तो मोबाइल में दिखता है. ये देखने का नहीं, दिखाने का है." त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. त्याने मला कॉपी कॉपी म्हणूनच विकली.

सरांनी तसं केलं नाही.

सरांना शिरवण्यात, गावातल्या घरांच्या जागेवर टॉवर बांधायचा होता. वाटेत माझ्या आत्याचं घर. गल्लीच्या तोंडाशी, कौलारू, दार थेट रस्त्याला. काका गेल्यापासून आत्या त्या दारात बसून सुकट, जवळा, बोंबील विकते. दार हेच तिचं दुकान. तिने घर सोडलं नाही तर टॉवरला गाडी आत न्यायला रस्ता नाही. म्हणून सरांनी मला नोकरीत घेतलं होतं. माझ्या कार्डावर काहीतरी 'कोऑर्डिनेशन' लिहिलेलं होतं. त्याचा मराठी अर्थ आत्या.

सरांनी शब्द दिला होता, नव्या इमारतीत तिला तळमजल्यावर खोली, दार रस्त्याला. मी तो शब्द तिच्याकडे पोचवला. ती "बघू" म्हणाली. तिचं 'बघू' म्हणजे नाही नव्हे, हे मी गाडीत येऊन सरांना सांगितलं. तेव्हा त्यांनी हातातलं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"ठेव. आपला माणूस आहेस तू."

पट्टा अजून गरम होता.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरं घड्याळ आलं होतं. घरी येऊन मी बुटांचं खोकं कपाटावर टाकलं. खोक्यातलं प्रत्येक घड्याळ मी कानाला लावून, उजेडात धरून, नखाने खरवडून पाहिलेलं. हे नाही पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाने अंगावरचं काढून दिलेलं, त्याला कानाला काय लावायचं? शंका घेतली असती तर ती घड्याळावर नव्हे, माणसावर झाली असती. मी इतका सभ्य होतो.

पुढच्या रविवारी आत्याकडे जेवायला गेलो. तिने तांदळाची भाकर आणि जवळा वाढला. स्वतः समोर बसली.

"त्यो मानूस शब्दाचा हाय का रं बाला?"

मी मनगट पुढे केलं. म्हटलं, "आत्या, ज्याने हातातलं काढून दिलं, तो दार नाय देनार?"

तिने माझा हात सुकटीच्या वासाच्या तिच्या हातात घेतला. घड्याळ खालीवर केलं. "जड हाय," म्हणाली. मग म्हणाली, "सांग त्याला, देतंय म्हनून."

म्हणजे तिने घर द्यायला होकार दिला तो सरांच्या शब्दावर नाही, माझ्याही नाही. घड्याळाच्या वजनावर.

त्या शनिवारी पाहुण्यांचं हसणं थांबल्यावर मी रिकामा ट्रे घेऊन पँट्रीत गेलो. घड्याळ काढलं, कानाला लावलं. टिक, टिक, टिक. भिंतीवरच्या स्वस्तातल्या घड्याळाचा असतो तोच आवाज. आतल्या तीन छोट्या तबकड्या नुसत्या छापलेल्या. काटे चिकटवलेले, कधीही न हलणारे. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मला घड्याळाचं वाईट वाटलं नाही. 'गावात जाताना मी हेच घालायचो' हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. माणूस विसरून खोटं वापरत नव्हता. त्याने वाटणी केली होती. ऑफिसात एक, गावात एक. आमच्या ओट्यावर बसून त्याने चहा घेतला तेव्हा हातात खोटं होतं. आत्याला हात जोडले तेव्हा खोटं होतं. तळमजला, रस्त्याला दार, असं म्हणाला तेव्हाही. ज्याचं गावात घालायचं घड्याळ वेगळं, त्याचा गावात द्यायचा शब्दही वेगळा असणार. आणि तो शब्द घरोघरी मी नेत होतो. फर्स्ट कॉपी मी होतो.

दुसऱ्या दिवशी रविवारी गावच्या देवळासमोर कार्यक्रम ठेवलेला. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, माइक, शाली, नारळ. गावकऱ्यांनी एकेक करून होकार सांगायचा आणि सरांनी त्यांना शाल घालायची. जागा आम्ही द्यायची आणि सत्कारही आमचाच, हा हिशोब मला इतिहासात कुठे शिकवला नव्हता. प्रास्ताविक माझ्याकडे. 'आपले लाडके', 'गावाचे भाग्य' असे शब्द आधीच पाठ करून ठेवलेले.

सर पांढऱ्या शर्टात आले, हात जोडून. आत्या पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून बसलेली. मी माइक हातात घेतला. पाठ केलेलं सगळं समोर होतं. ते तोंडात आलंच नाही.

मी म्हणालो, "सर, आज हातात कोणतं आहे?"

सर हसत राहिले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय चाललंय? प्रोग्रॅम सुरू कर."

"गावातलं की ऑफिसातलं?"

माइक चालू होता. सरांचा डावा हात आपोआप पाठीमागे गेला. त्यांनी नेला नाही, तो गेला.

"काय झाला रं बाला?" आत्याने विचारलं.

सरांसमोर मी आजवर कधी घरची भाषा बोललो नव्हतो. ओरिजिनल म्हणून दाखवायचे, पण बोलायला प्रमाण मराठीच लागायची. त्या दिवशी मी माइकवर बोललो. "आत्या, सरांकरं घड्याला दोन हायेत. एक हापिसान घालाचा, एक गावान येताना. मना दिला त्यो गावाचा. खोटा हाय."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग सरांकडे. तिने शिक्षण शाळेत घेतलेलं नाही, पण हे समजायला शाळा लागतही नव्हती.

"मंग दारापन दोन असतील," ती म्हणाली. "एक दाखवाचा न एक द्याचा."

मागे कोणीतरी फसकन हसलं. आत्या उठली. "मी नाय देत," म्हणाली, आणि शाल न घेता घरी निघून गेली. पत्र्यावर सुकट वाळत घातलेली होती. कावळ्यांना कार्यक्रमाचं सोयरसुतक नसतं.

सर माझ्याजवळ सरकले. आवाज अगदी मऊ. "तुझ्यासारख्यांना वर आणायचं म्हणजे हेच होतं."

मी घड्याळ काढलं आणि नारळांच्या ताटात ठेवलं. त्यांनी ते पटकन उचलून खिशात टाकलं. उचलायला हात पुढे करावा लागला. बाही वर गेली. मनगटावर तसलंच दुसरं, तीन छोट्या तबकड्या, छापलेल्या. त्या मी कुठूनही ओळखतो. देवळासमोर, भर कार्यक्रमात, आमच्या घरांच्या होकारासाठी माणूस गावातलंच घालून आला होता.

सगळं गाव उठून गेलं, असं मी लिहिलं तर छान वाटेल. तसं झालं नाही. बऱ्याच जणांनी शाली घेतल्या. माझ्या सख्ख्या चुलतभावाने घेतली, आणि तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. "तुझ्या घड्यालापायी आमचा सौदा मोरतंय काय?" एवढंच म्हणाला होता. नोकरी गेली, मोबाइलवर आलेल्या एका इंग्रजी ओळीने. टॉवर होतोय. आत्याचं घर वगळून, जरा अंग चोरून, गाडीला मागच्या बाजूने अरुंद रस्ता काढून. तिच्या दारात आता दिवसभर सिमेंटची धूळ येते. ती सुकटीवर कापड टाकते आणि बसते.

मी बुटांचं खोकं घेऊन फुटपाथवरच्या त्या विक्रेत्याकडे गेलो.

"रिटर्न नहीं होता, भाई."

म्हटलं, फुकट घे.

त्याने एकेक घड्याळ संशयाने उलटंपालटं केलं. "लफडा तो नहीं ना? असली तो नहीं है?"

मी शपथेवर सांगितलं की सगळी खोटी आहेत. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

हल्ली मी क्लासमध्ये इतिहास शिकवतो. घड्याळ नेरूळच्या साध्या दुकानातून घेतलं. आपल्याच देशात बनलेलं, पांढरी तबकडी, चामड्याचा पट्टा, रोज सकाळी चावी द्यावी लागते. तबकडीवर ज्याचं नाव आहे, त्यानेच ते बनवलंय. एवढीच अपेक्षा होती. कुठल्याही टॉवरच्या गेटवर आता मला नाव लिहायला लावतात. मी लिहितो. पूर्ण नाव, आणि पत्त्यात गाव.

यापुढे दुसऱ्याचा शब्द घेऊन मी कोणाच्या दारात जाणार नाही. शिरवण्यात माझा हात धरून कोणी सभेत उभं राहणार असेल, तर आधी त्याने स्वतःची बाही वर करायची. न विचारता सगळ्यांसमोर मी ती करायला लावीन. माझ्या मनगटावर आणि माझ्या जिभेवर परक्याचं नाव पुन्हा चढणार नाही. आत्याचं दार रस्त्याला आहे, रस्त्यालाच राहील.

घड्याळ खरं आहे. रोज थोडं मागे पडतं. दुकानदार म्हणाला, ह्या किमतीत तेवढं चालायचंच. सरांचं कधी मागे पडलं नाही.