शेवटचा शब्द कुणाचा

दोन भावांचा चादरींचा धंदा होता. थोरला कारखाना बघायचा, धाकटा नव्या पेठेतलं दुकान. चुली वेगळ्या झाल्या तरी धंदा एकत्रच राहिला, बोलणं मात्र बंद पडलं. मग दोघांनी आपापल्या पसंतीचं सॉफ्टवेअर घेतलं. ती दोन्ही जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

मी प्रश्न लिहून नेते. पहिलाच प्रश्न होता: शिल्लक मालाचा आकडा जुळला नाही, तर कुणाचा खरा धरायचा?

"कारखान्याचा. माल हितं तयार होतो की," थोरला म्हणाला.

"दुकानाचा. नुसता तयार करून काय, विकतो कोण?" धाकटा म्हणाला.

दोघांत फेऱ्या मारून मी वैतागले. शेवटी सुचवलं, ज्याची नोंद नंतर पोचेल त्याची खरी. दोघांनी लगेच मान डोलावली. शेवटचा शब्द आपलाच असणार, याची दोघांनाही खात्री.

माझ्या धाकट्या भावाने मुलीच्या लग्नात व्याह्यांच्या मानपानासाठी त्याच दुकानात चादरी सांगितल्या. मीच नेलं होतं त्याला. सगळ्या एका नक्षीच्या, म्हणजे रुसवेफुगवे नकोत. दुकानाने नोंद केली. त्या दिवशी कारखान्याचं इंटरनेट बंद होतं. तोच माल तिथे सकाळी हैदराबादच्या व्यापाऱ्याला दिलेला. ती नोंद संध्याकाळी पोचली आणि भावाची पुसून गेली. कुणाला पत्ता नाही.

लग्नाच्या तोंडावर भाऊ टेम्पो घेऊन गेला, तर चादरी नाहीत. पेठेत मिळतील तशा गोळा केल्या. मांडवात व्याह्यांकडच्या काकूंनी आपली चादर जावेच्या चादरीशेजारी धरली. "माझी जरा पातळ हाय," एवढंच म्हणाल्या.

भावजय माझ्याकडे वळली. "वन्सं, तुमचा कम्प्युटर लई हुशार. माणसं बघून देतो."

लग्नानंतर दोघा मालकांनी मला दुकानात बोलावलं. एकाच ताटलीतला चिवडा खात शेजारी शेजारी बसले होते.

"माझं बरोबर चालतंय," थोरला म्हणाला.

"माझंबी. दादाचंबी बघितलं मी. घोटाळा मधल्या जोडणीत हाय, मॅडम. ती तुमची."

"नियम तुम्हीच कबूल केला होता."

"आमाला त्यातलं काय कळतंय?" थोरला म्हणाला, आणि ताटली धाकट्याकडे सरकवली.

भावाला मी हे सगळं समजावायला गेले. "अक्का, नियम नको सांगू," तो म्हणाला. "तुझ्याकडं बघून गेलो होतो मी तितं."

भाची दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिने सांगितलं. तिच्या सासरच्या काकू ती पातळ चादर अजून पांघरत नाहीत. पाहुणे आले की कपाटातून काढून दाखवतात.